नळी तिच्या हातात देताना

माझी मुलगी वैशाली सहा वर्षांची होती, तेव्हा मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका सिस्टरनी माझ्या हातात एक बारीक, मऊ नळी ठेवली आणि म्हणाल्या, दर चार तासांनी ही घालून तिची लघवी काढायची. मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांचं काम असेल. म्हणून विचारलं, किती दिवस? सिस्टर शेजारच्या पलंगाची चादर ओढून सरळ करत होत्या. त्या थांबल्या.

"जन्मभर," त्या म्हणाल्या.

त्या शेलार सिस्टर. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. त्यांनीच मला हे लिहायला लावलं. म्हणाल्या, अजूनही दर महिन्याला एखादी आई नळी हातात घेऊन तुझ्यासारखंच तोंड करून बसते, तिला वाचायला दे काहीतरी. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पत्रापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा जसं घडलं तसं सांगते.

सारखी होते म्हणजे

आमचं गाव माळशेजच्या रस्त्यावर, टोकावड्याच्या पुढे. घरी भातशेती, मी आणि सासूबाई. वैशालीचे बाबा वाशिंदच्या कारखान्यात. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते तिकडेच चौघांत खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचे.

वैशाली जन्मली तेव्हा तिच्या कमरेवर मागे लिंबाएवढी गाठ होती. ती काही महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालायला उशीर लागेल. अडीच वर्षांची झाली तेव्हा डावा पाय थोडा ओढत ती अंगणभर चालली, आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

पण ती सतत ओली असायची. लघवी करायची असं नाही, ती गळत राहायची. मी जुन्या साड्या फाडून घड्या करायचे. पावसाळ्यात त्या वाळायच्या नाहीत, मग चुलीवर दोरी बांधून वाळवायच्या, आणि घरभर तो वास. शाळेत बाईंनी तिला दाराशी बसवलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, तिथे हवा लागते. पण हवा कुणासाठी, ते तिला कळत होतं.

सल्ले सगळ्यांनी दिले. कुणी म्हणालं तीळ खायला दे, कुणी म्हणालं मार दे एकदा, सवय जाईल. एक बाई नजर काढायला आली होती. माझ्या सासूबाई जिभेच्या कडक, गावात त्यांना सगळे टरकून असायचे. त्यांनी तिला ओट्यावरूनच परत पाठवलं. "सर्दी झाली का नाक गळतं, तसं हे गळतंय. नजर नाय न काय नाय," त्या म्हणाल्या. त्या ओल्या घड्या त्यांनी सहा वर्षं धुतल्या आणि एकदाही मला बोलून दाखवलं नाही.

मग ताप सुरू झाले. महिन्या-दीड महिन्याने ताप यायचा, टोकावड्याच्या डॉक्टरांचं औषध घेतलं की उतरायचा. एकदा मात्र ती हुडहुडी भरून अशी थरथरली की मी तिला कांबळ्यात गुंडाळून मिळेल त्या एसटीने मुरबाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, लघवी कशी होते? मी म्हटलं, सारखीच होते.

"सारखी होते म्हणजे कधीच नीट होत नाही," ते म्हणाले.

सहा वर्षांत हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. कल्याणला सोनोग्राफी झाली, तिथून मुंबई.

वॉर्डातले दिवस

मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर माठ काढला. म्हणाले, हा माठ कधी रिकामाच होत नाही. पाठीतल्या नसा कच्च्या असल्यामुळे तिला भरल्याचं कळत नाही आणि रिकामा करताही येत नाही. वरून सांडतं तेवढंच तुम्हाला दिसतं. उरलेलं मागे किडन्यांकडे चढतंय. दोन्ही किडन्या सुजल्या आहेत. असंच चालू राहिलं तर त्या जातील. वैशालीच्या बाबांनी विचारलं, ऑपरेशन करून सुटेल का? डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं पुढे बघू, पण वेळेवर रिकामं करत राहणं हाच तिचा उपचार आहे.

पहिले दोन दिवस माझ्याच्याने झालं नाही. नळी हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. आपण पोरीला इजा करतोय असंच वाटायचं. वैशाली पाय आवळून रडायची, ते बघून मी रडायचे. तिसऱ्या दिवशी शेलार सिस्टर मला बेसिनपाशी घेऊन गेल्या आणि नुसते हात धुवायला लावले. बोटांच्या मधून, नखांतून, मनगटापर्यंत. पाच वेळा. म्हणाल्या, हात नीट धुतले की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं तुमची भीती आहे.

त्या दिवशी जमलं. मगात इतकी लघवी आली की मी बघतच राहिले. वैशाली म्हणाली, "आई, पोट हलकं झालं." आणि त्या दुपारी ती कोरड्या कपड्यांत झोपली. उठल्यावर तिने आधी चादरीवर हात फिरवला, मग फ्रॉकवर. मग शेजारच्या पलंगावरच्या बाईंना, जेवणाची गाडी आणणाऱ्या मामांना, सगळ्यांना बोलावून चादर दाखवली. मी जिन्यात जाऊन रडले. वॉर्डात आल्यापासून असं दुसऱ्या कारणाने रडणं पहिल्यांदाच झालं.

तांदळाची खोली

घरी आल्यावर सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, झोपताना दहा. माझा दिवस असा पाच तुकड्यांत वाटला गेला. भाताच्या लावणीत असले तरी हात धुऊन घरी यायचं. माहेरी गेले तरी डबा बरोबर. त्या काळी आम्हाला नळी धुऊन, उकळून, कोरड्या डब्यात ठेवायला शिकवलं होतं. आता काय पद्धत आहे ते तुम्ही तुमच्या सिस्टरना विचारा.

दोनची वेळ शाळेत यायची. शाळेला संडास नव्हता. गुरुजींनी तांदळाची पोती ठेवायच्या खोलीची किल्ली मला दिली. मी रोज दोनला जायचे, आतून कडी लावायचे. गुरुजींनी मला कधी काही विचारलं नाही. पण त्याच वेळेला ते मुलांना घेऊन शाळेच्या दुसऱ्या बाजूला कबड्डी लावायचे. हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

ताप थांबले. वैशाली दारातून उठून दुसऱ्या रांगेत बसायला लागली. तपासणीला गेलो की डॉक्टर म्हणायचे, सूज उतरतेय. आणि शेलार सिस्टर प्रत्येक वेळी एकच म्हणायच्या, आता तिला शिकवा. सात वर्षांची झाली तेव्हा म्हणाल्या, आठची झाली तेव्हा म्हणाल्या. मी म्हणायचे, लहान आहे अजून. कधी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत. सिस्टरनी एकदा आरसा हातात दिला आणि वैशालीला स्वतःचं शरीर कसं आहे ते समजावून सांगायला लागल्या, तर मलाच लाज वाटली. वैशालीला वाटली नाही.

इथे मला एक खरं सांगायचं आहे, कारण ते कुणी सांगत नाही. मी टाळत होते ते ती लहान होती म्हणून नाही. मला ते काम हवं होतं. गावात ज्या बाया आधी नाकाला पदर लावायच्या, त्याच आता म्हणायच्या, सुनंदासारखी आई नाय. दोनला मी शाळेच्या वाटेला लागले की लोक बघायचे. माझ्यावाचून माझ्या मुलीचं चालत नाही, यात दुःख होतं तसा एक मानही होता. तो सोडवत नव्हता.

प्लास्टर

वैशाली नऊ वर्षांची असताना, भातकापणीच्या दिवसांत, सकाळी भारा घेऊन बांधावरून येताना माझा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. मुरबाडला जाऊन प्लास्टर घालून घरी येईपर्यंत दुपारचा एक वाजून गेला होता. वैशालीची सहाची वेळ मी केली होती. दहाची राहिली होती. तिला शाळेत पाठवली नव्हती. ती उंबऱ्यात बसून होती, पोट टणक झालेलं.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलवायला माणूस पाठवला, तर त्या लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेल्या. वैशालीचे बाबा वाशिंदला. मी डाव्या हाताने नळी धरून पाहिली, पण डाव्या हाताने मला चमचासुद्धा नीट धरता येत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, मी करते. त्यांनी हात धुतले, समोर बसल्या, आणि मग हात मागे घेतला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते.

मग वैशाली म्हणाली, "आई, तू सांग. मी करते."

मला हो म्हणण्याशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. ती न सांगता मोरीत जाऊन हात धुऊन आली, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत. पाटावर बसली. सासूबाईंनी आरसा धरला. मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की तीन वर्षं जे हाताने केलं त्याला माझ्याकडे शब्दच नाहीत. इकडं, जरा वर, नाही, तिथं नाही, असं काहीतरी बोलत होते. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा तिला दुखलं आणि तिने नळी फेकून दिली. मी ओरडले. ती रडायला लागली, मग मीही.

सासूबाईंनी आरसा खाली ठेवला. नळी उचलली, धुतली, टोपात पाणी घेऊन चुलीवर ठेवली आणि वर झाकण घातलं. म्हणाल्या, "पानी उकळून थंड होईपर्यंत कोनी बोलू नका."

लाकडं तेवढी तडतडत होती. पाणी उकळलं, निवलं. वैशालीने पुन्हा हात धुतले. पाटावर बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू तिकडं तोंड कर. तू बघतेस तवा माझा हात घाबरतो."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. मला आठवतं, मी दोनच वाक्यं बोलले. घाई नको म्हटलं, आणि श्वास सोड म्हटलं. त्यानंतर तिला माझी गरज लागली नाही. मी भिंतीवरच्या शेणाच्या सारवणाच्या रेघा बघत राहिले. मग मगात धार पडल्याचा आवाज आला.

"केवढी आली गो," सासूबाई म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. झाला, पण नंतर. आधी कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि हात तर प्लास्टरमध्ये होता.

सुट्टीच्या दिवशी तिचे बाबा आले. वैशालीने त्यांना दारातच सांगितलं, मला जमतं. त्यांना वाटलं, पोर थट्टा करते. मग ती डबा घेऊन मोरीत गेली, आतून दार लावलं, आणि ते बाहेर चपलासुद्धा न काढता उभे राहिले. ती बाहेर आल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आपन उगाच घाबरलो काय गो इतकी वर्षं?"

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी सवयीने दोनला शाळेत निघाले. ती वाटेत उभी होती. म्हणाली, येऊ नको, किल्ली मी गुरुजींकडून घेतली.

खोटं

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ज्यांच्या मुली मोठ्या होत आहेत त्यांनी पुढचंही वाचावं.

पाचवीपासून वैशाली टोकावड्याच्या हायस्कुलात एसटीने जायला लागली. मी दोनला जात नव्हते, पण ती घरी आली की दारातच विचारायचे, झालं का? ती म्हणायची, झालं. सकाळी विचारायचे, डबा घेतलास का? रात्री विचारायचे. तिच्या बाबांचा फोन शेजारच्या दुकानात आला की तेही आधी तेच विचारायचे. ती तेरा वर्षांची असताना पुन्हा ताप आला, तसाच हुडहुडीचा. मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, कित्येक दिवस वेळा चुकवल्या आहेत हिने.

मला इतका राग आला की मी वॉर्डात सगळ्यांसमोर तिला बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. तुझ्यासाठी मी काय केलं नाही, इथून सुरुवात होती. ती भिंतीकडे वळून झोपली. शेलार सिस्टरनी मला बाहेर काढलं आणि तासभर तिच्यापाशी बसल्या.

नंतर वैशालीने मला स्वतः सांगितलं. शाळेतल्या संडासाची कडी तुटलेली. मुली घोळक्याने जायच्या, एकीने बाहेरून दार धरायचं. त्यात दहा मिनिटं आत बसलं की दारावर थापा पडायच्या. म्हणून तिने दोनची वेळ सोडली. मग ओलं होऊ नये म्हणून दिवसभर पाणी पिणं सोडलं. घरी खोटं सांगितलं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस, मी येऊन बोलले असते शाळेत.

"म्हणून नाय सांगितलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला एक दिवस तरी विसरायचं होतं, मला काय झालंय ते."

तिच्या जागी मी असते तर मलाही विसरावंसं वाटलं असतं.

आम्ही घरी निघालो तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, "नळी तुम्ही तिला दिली, पण घड्याळ अजून तुमच्याच हातात आहे."

मग तिच्या वेळा तिने ठरवल्या. शाळेची मधली सुट्टी सोडून तिने तास चालू असतानाची वेळ घेतली, तेव्हा संडास रिकामा असतो. वर्गातल्या एकाच मुलीला, मनीषाला, तिने सगळं सांगितलं. कुणाला सांगायचं ते तिने ठरवलं, मी नाही. मोठ्या बाईंकडे जाऊन त्यांच्या बाथरूमची परवानगी तिने मागितली. मी फाटकाबाहेर उभी होते. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, पण किल्ली मिळाली होती.

मला मात्र न विचारणं शिकायला लागलं. नळी घालायला शिकले त्याहून ते कठीण होतं. तोंडाने विचारणं बंद केलं, तर एक दिवस ती दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, डोळ्यांनी पन विचारू नको." त्यानंतर ती घरी यायच्या वेळेला मी मुद्दाम पाणी भरायला जायला लागले.

शहापूर

दहावीनंतर वैशाली शहापूरला कॉलेजात गेली, मुलींच्या वसतिगृहात राहायला. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मी तिथल्या बाईंना भेटून सगळं सांगणार होते, तर ती म्हणाली, मी सांगितलंय. तिला सोडून किन्हवलीच्या रस्त्याने एसटीने परत येताना मला पूर्ण वाटभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी ती दोन दिवस घरी आली. रविवारी सकाळी मी चवळीच्या शेंगा सोलत होते, ती समोर बसून मदत करत होती. बोलता बोलता म्हणाली, मागच्या आठवड्यात मला ताप आलेला.

माझे हात थांबले. ती सांगत राहिली. लघवी गढूळ दिसली तेव्हाच तिला शंका आली होती. रात्री अंग कसकसलं. सकाळी ती एकटी रिक्षाने डॉक्टरांकडे गेली. ते नवीन होते, त्यांना तिचं काही माहीत नव्हतं, तर तिने त्यांना पाठीच्या गाठीपासून सगळं सांगितलं. आधी लघवी तपासा, मग औषध द्या, असंही तिनेच सांगितलं. पाच दिवसांत बरं वाटलं. मग किडनीची रक्ततपासणीही करून घेतली.

मी विचारलं, मला का नाही कळवलंस? दुकानात फोन आहे, आता तुझ्या बाबांकडे मोबाइल पण आहे.

"आता सांगतेय ना," ती म्हणाली.

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी रिपोर्ट मागितला. ती उठली, बॅगेतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवून सांगायला लागली, हा एवढा आहे, एवढा असायला पाहिजे, म्हणजे ठीक आहे. पुढच्या वेळी पुन्हा बघायचं. डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं, सावकाश, मला समजेल अशा शब्दांत ती सांगत होती, आणि मध्ये मध्ये थांबून विचारत होती, कळलं का?

मी म्हटलं, कळलं.

इतकी वर्षं मी हा आजार माझाच समजत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा नातेवाईक झाले.